बुधाजीच्या हातचं मीठ

जेवणाच्या बाबतीत मी फार चिकित्सक. आई म्हणायची, ह्याला बायको नको, आचारी बघा. त्यामुळे १९२७ साली मीठ खात्यातला कारकून म्हणून माझी अलिबागहून उरणला बदली झाली, तेव्हा मी कचेरी नंतर पाहिली. आधी खानावळी पाहून घेतल्या.

उरण तेव्हा बेटच होतं. खाडी ओलांडल्याशिवाय येणं नाही की जाणं नाही. पण खाण्याची चैन होती. मोरा बंदरावर मुंबईची लाँच लागली की उतारू आधी जेवायला धावत. धक्क्याजवळ एका कोकणी मुसलमान खालांकडे नारळाच्या दुधातलं सालन आणि तांदळाच्या रोट्या मिळत. बाजारात इराण्याचा चहा होता. आणि मिठागरांकडे जाणाऱ्या वाटेवर ठमाबाईची खानावळ होती. कुडाच्या भिंती, वर माडाच्या झापा, खाली शेणानं सारवलेली जमीन. तिच्या हातचं जिताड्याचं कालवण खायला मुंबईची माणसं रविवारी लाँचनं येत आणि जेवून परत जात.

आम्ही प्रभू. मासळी आम्हाला वर्ज्य नाही, पण ठमाबाई आगरी, आणि आगऱ्याच्या घरी जेवणं जातीत खपलं नसतं. मी हिशेब साधा ठेवला. जात अलिबागला होती आणि जिताडा उरणला.

खानावळ नवरा-बायको मिळून चालवत. खरं तर रांधायची ठमाबाई. बुधाजी मिठागरात कामाला होता आणि खानावळीत त्याचं काम एकच, मीठ घालणं. मानमोडीच्या तापाच्या साथीत ठमाबाई मरता मरता वाचली, पण जिभेची चव गेली ती गेलीच. तिखट, आंबट, खारट, तिला काही कळायचं नाही. मसाला ती डोळ्यांनी आणि हाताच्या अंदाजानं घालायची, पण मिठाला हात लावायची नाही. दुपारी बुधाजी आगरातून यायचा, मिठाच्या मडक्यावरची करवंटी बाजूला करायचा, मूठ भरायचा आणि कालवणात सोडायचा. चाखायचा नाही. जन्म मिठात गेलेला माणूस, त्याला चाखायची गरजच पडत नसावी.

आगरातल्या खाऱ्या पाण्यात उभा राहून तो तसाच आत यायचा. सारवलेल्या जमिनीवर त्याची ओली पावलं उमटायची आणि वाळली की कडेनं पांढरी पडायची.

"किती येला सांगला, पाय धुवून येत जा," ठमाबाई ओरडायची. "सारवलेली जमीन हाय."

बुधाजी हसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच यायचा. आम्हा रोजच्या गिऱ्हाइकांना हे भांडण ऐकल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नसे.

होळीच्या पुनवेला उधाण आलं आणि आगराचा बांध फुटला. बुधाजी उघाडीचं, म्हणजे आगरात पाणी घ्यायच्या झडपेचं, दार धरायला पाण्यात उतरला, तो परत वर आला नाही. खाडी दोन्ही टोकांपर्यंत धुंडाळली. प्रेत सापडलं नाही. गावानं काय ते समजून घेतलं, पण ठमाबाईनं कपाळाचं कुंकू पुसलं नाही. "आला न्हाय अजून," एवढंच ती म्हणायची. 'गेला' हा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नाही.

चैत्रात तिनं खानावळ पुन्हा उघडली. पहिल्या दिवशी आम्ही तिघं जुनी गिऱ्हाइकं हजर होतो: मी, मिठाचा मापारी येसाजी आणि मचव्याचा तांडेल हमदुल्ला. तिनं पानं वाढली. मी पहिला घास घेतला आणि थांबलो. कालवण ठार अळणी होतं.

समोर ती उभी, पदराला हात पुसत. मीठ मागायचं म्हणजे बुधाजीचं नाव काढायचं. येसाजीनं मान खाली घातली आणि जेवू लागला. हमदुल्लानं दुसऱ्यांदा भात मागून घेतला. मीही जेवलो. इतकं बेचव जेवण मी जन्मात जेवलो नव्हतो, आणि इतक्या मुकाट्यानंही.

दुसऱ्या दिवशी मी खिशात मिठाची पुडी घेऊन गेलो. जकात न भरलेलं मीठ, आणि ते मीठ खात्याच्या कारकुनाच्या खिशात! पानावर बसल्यावर पाहतो तर येसाजीचा हात कनवटीला आणि हमदुल्लाचा बंडीच्या खिशात. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि चोरासारखे हसलो.

मग मी पहिला घास घेतला. पुडी उघडायची गरज नव्हती. मीठ बरोबर पडलं होतं. अगदी पूर्वीसारखं.

मला वाटलं, येसाजीनं मागच्या दारानं शिरून काम साधलं असणार, त्याचं घर शेजारीच. मनातल्या मनात मी त्याला शाबासकी दिली आणि जेवलो. मग रोजच मीठ बरोबर पडू लागलं. मुंबईकर पुन्हा येऊ लागले, बोटं चाटू लागले. माझा जीव भांड्यात पडला.

ज्येष्ठाच्या सुमारास एकदा मापाच्या काट्याजवळ मी येसाजीला म्हटलं, "तुझी कमाल आहे हं. रोज बाईला कळू न देता मीठ घालतोस."

येसाजीचा चेहरा उतरला. "मी न्हाय, भाऊसाहेब. मना वाटला हमदुल्लाचा काम हाय."

आम्ही दोघांनी जाऊन हमदुल्लाला गाठलं. तो धक्क्यावर जाळं तुणत होता. त्यानं सुई खाली ठेवली. "मी? भाऊसाहेब, मी सगला महिना मचव्यावर होतो, मुंबईच्या फेऱ्यात. मला वाटलं तुम्ही."

बंदरावर लाँच लागत होती. उतारू खानावळीकडे पळत होते.

मी भुताखेतांना मानणारा माणूस नव्हतो. मला वाटलं, ठमाबाईच अंदाजानं घालत असेल आणि अंदाज जमून येत असेल. एका दुपारी लवकर जाऊन मी चुलीशी विषय काढला. "ठमाबाई, मीठ कुठल्या आगरातलं वापरता?"

ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"मीठ?" ती म्हणाली. "मी मिठाला हात लावला न्हाय, भाऊसाहेब. त्याचा काम हाय ता. यईल नि घालील." मग खालच्या आवाजात म्हणाली, "तुमी सगली मानसा रोज अलनी खाता, नि गुमान उठता. मना काय कलत न्हाय? मुंबईची मानसा बी बोलत न्हाईत, तुमीच सांगला असल त्यांना. देवमानसा हाव तुमी."

कोपऱ्यात मिठाचं मडकं होतं. त्यावर करवंटी, करवंटीवर फडकं बांधलेलं, फडक्यावर चुलीची राख बसलेली. त्या राखेवर कुणाचं बोटसुद्धा लागलं नव्हतं.

"मी पानी घेऊन येते," ती म्हणाली आणि कळशी घेऊन विहिरीवर गेली.

चुलीवर कालवण रटरटत होतं. मी पळीनं थोडं हातावर घेतलं आणि चाखलं. अळणी.

दार माझ्या समोर होतं. मागचं दार आतून लावलेलं होतं. मी पाटावर बसून राहिलो. कुणी आलं नाही.

फक्त वास आला. खाजणाच्या ओल्या चिखलाचा, भरती ओसरल्यावर येतो तो. मला तो ओळखीचा होता. रोज दुपारी ह्याच वेळी तो दारातून आत यायचा, बुधाजीबरोबर.

मग रटरटणारं कालवण एकदम बसलं. मूठभर काही पडल्यावर उकळी क्षणभर बसते, तसं. पुन्हा हळूहळू वर आलं.

मी पळी घेतली.

मीठ बरोबर होतं.

मी भ्यालो, हे कबूल करतो. पण भीती फार वेळ टिकली नाही. विहिरीवरून ती येताना दिसली, कमरेवर कळशी, कपाळावर कुंकू. तो रोज येत होता. सगळ्या उरणला त्याची चव कळत होती, मुंबईहून येणाऱ्या परक्या माणसांना कळत होती. एकटी तिलाच कळत नव्हती.

पाहिलेलं मी येसाजीला आणि हमदुल्लाला सांगितलं, तिला नाही. पुढे भाद्रपदात तिचा भाऊ काळूराम शिवडीहून तिला न्यायला आला. आम्हाला वाटलं, ती ऐकायची नाही. पण तिनं हो म्हटलं.

"किती दिस तुमाला अलनी चारू?" ती आम्हाला म्हणाली. "तुमच्या जिवावर किती दिस? नि हिथं माजा कोन हाय? आज दुपारच्या लाँचला निंगते. तुमाला शेवटचा जेवन घालते, मंग जाते."

ती आत गेली आणि आम्ही तिघं पडवीत बसलो.

"सांगा तिला," येसाजी मला म्हणाला.

"नका सांगू," हमदुल्ला म्हणाला. "सांगितलं की तो मेला असा मतलब झाला. बाई कपाल पुसेल. आज तिच्याकडं उम्मीद तरी हाय. खुदाच्या वास्ते नका."

"नि ती गेली, तर तो येयाचा कोनाकडं?" येसाजीनं विचारलं.

आतून कालवणाचा वास आला. मी उठलो. सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं, ते केवळ मी शिकलेला म्हणून, आणि शिकलेल्या माणसाला अशा गोष्टीला शब्द कुठून मिळणार?

ती चुलीशी पाठमोरी होती.

"ठमाबाई," मी म्हटलं, "आम्ही कधीच अळणी जेवलो नाही. पहिला दिवस सोडला तर एकदाही नाही. मीठ रोज पडतं. आमच्यातलं कुणी घालत नाही. मी इथे बसून पाहिलंय."

ती वळली नाही.

"रोज?"

"रोज."

"बरोबर पडतं?"

"त्याच्याच हातचं."

तिचा हात कपाळाकडे गेला. कुंकवापाशी बोटं थांबली. मागे दारात हमदुल्लानं श्वास रोखलेला मला ऐकू आला. मग तो हात खाली आला आणि तिनं पळी उचलली.

"बसा जेवाला," ती म्हणाली.

आमची तीन पानं मांडून झाल्यावर तिनं चौथं पान घेतलं. ती कधी गिऱ्हाइकांबरोबर बसली नव्हती. आज भिंतीशी पाट टाकून आमच्यासमोर बसली. बाहेर काळूराम गाठोडं घेऊन उभा होता. बंदरावर लाँचचा भोंगा झाला.

तिनं भात कालवला आणि घास तोंडात घातला. चावता चावता ती थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

तिनं आणखी एक घास घेतला. तिचे डोळे भरून आले होते, पण ती आमच्याकडे पाहत नव्हती.

"मीठ," ती म्हणाली. "मना मीठ लागला, भाऊसाहेब."

मानमोडीच्या तापानंतर पहिल्यांदा. मला रडू आवरेना. डोळे लपवायला मी पानावर वाकलो आणि घास घेतला.

कालवण अळणी होतं.

मी येसाजीकडे पाहिलं. तो घास तोंडात तसाच धरून बसला होता. हमदुल्लानं नजर पानावरून उचलली नाही. एकाच भांड्यातलं वाढलेलं कालवण. आम्ही खाली माना घातल्या आणि पहिल्या दिवशी जेवलो होतो तसे जेवू लागलो.

भोंगा पुन्हा झाला. "आक्के, चल," काळूरामनं हाक मारली. "लाँच सुटंल."

"तू जा," ती म्हणाली. "मी न्हाय येत."

ती सावकाश जेवत होती, एकेक घास चाखत. पाटावर ती एका अंगाला सरकून बसली होती. मग तिची नजर शेजारी जमिनीकडे गेली आणि कपाळाला आठी पडली.

"किती येला सांगला, पाय धुवून येत जा," ती पुटपुटली. "आत्ता सारवलीय जमीन."

मी पाहिलं. तिच्या पाटाला लागून दोन ओली पावलं होती, बोटं पानाकडे. ती वाळत होती, आणि वाळता वाळता कडेनं पांढरी पडत होती.