बावीस शब्दांचा तपास

“चोरी झाली आहे,” मोठीनं जाहीर केलं.

सुट्टीचा तिसरा दिवस होता. जिन्याच्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे टोळीची कचेरी. एका पायरीवर मोठीचा मावसभाऊ चष्मिश, सुट्टीपुरता राहायला आलेला. दुसरीवर शेजारची भोंगा, जिची कुजबुजही दुसऱ्या मजल्यावर ऐकू जायची.

“काय गेलं?” भोंगानं विचारलं.

“शब्द. धाकटीचे.”

चष्मिश हसायला लागला. मोठीनं वही पुढे केली तसा गप्प झाला. हिवाळ्यात शाळेनं ‘घरातलं काहीतरी मोजा’ असा प्रकल्प दिला होता. कुणी खिडक्या मोजल्या, कुणी चमचे. मोठीनं आपल्या पावणेदोन वर्षांच्या बहिणीचे शब्द मोजले. आई, बाबा, ताई, दे, नको, पडलं... बावीस भरले होते. परवा, रविवारी, रिकामपणी तिनं ती वही पुन्हा काढली आणि दिवसभर धाकटीच्या मागे मागे फिरली. वाढायचे सोडून शब्द सहाच उरले होते. त्यांत ‘ताई’ नव्हता.

“घरी सांगितलंस?”

“आई म्हणते, शहाणी झालीये, बडबड कमी केलीये. बाबा म्हणतात, मीही उशिराच बोललो.”

“तुझे बाबा अजून तरी कुठे बोलतात,” भोंगा म्हणाली.

मोठीला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. चष्मिशनं वही मिटली. “चोर शोधायचा तर धाकटी दिवसभर कुठे असते ते आधी बघायला हवं.”

धाकटी पाळणाघरात असायची, आठ ते पाच. आई कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायची, बाबा मालाचा ट्रक चालवायचे, आणि दिवसभर लहान मूल सांभाळण्याइतकी मोठी अजून मोठी नव्हती. पाळणाघर दोन गल्ल्या सोडून होतं. पाचच्या आत पालकांनी यायचं नाही, असा बाईंचा नियम. मुलं बिथरतात म्हणे.

तिघं मागच्या बोळात शिरली. पडक्या विटांच्या ढिगावर उभं राहिलं की खिडकी बरोबर नाकासमोर येत होती.

“आत मुलं किती?” चष्मिशनं विचारलं.

“अकरा.”

“अकरा मुलं, आणि कुणी रडत नाही? कुणी कुणाला ढकलत नाही?”

“आमच्याकडे मी एकटी आहे, तरी शेजारी तक्रार करतात,” भोंगा शक्य तेवढ्या हळू म्हणाली.

आतून फक्त एक बारीकसं गाणं येत होतं. संपलं की पुन्हा तेच. मोठीनं पडद्याच्या फटीला डोळा लावला. भिंतीवर भला मोठा टीव्ही, त्यात नाचणारे रंगीत गोळे. समोर चटईवर अकरा मुलं, तोंडं अर्धवट उघडी. धाकटी दुसऱ्या रांगेत होती. तिच्या हातातली बाटली कलंडून झबल्यावर दूध सांडत होतं. तिला पत्ताच नव्हता.

“ए धाकटे,” मोठीनं हाक मारली. मग जरा मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. धाकटीची मानसुद्धा हलली नाही.

तेवढ्यात बाई आल्या आणि तिघं खाली वाकली. बाईंनी कपाटावरून मातीचा एक हत्ती काढला, पहिल्या मुलाच्या हातात दिला, मोबाईलवर फोटो काढला, हत्ती काढून घेतला, दुसऱ्याच्या हातात दिला. पाच मिनिटांत अकरा फोटो झाले. हत्ती परत कपाटावर गेला.

संध्याकाळी मोठीनं आईला, बाई रोज पाठवायच्या ते महिन्याभराचे फोटो दाखवायला लावले. कपडे रोज वेगळे, हत्ती तोच. एक कान तुटलेला, वाळून दगड झालेला.

“असेल तिला आवडत,” आई पाय चोळत म्हणाली. “मी पाहायला गेले होते ना, मुलं इतकी शांत की मला हेवा वाटला. म्हणून तर तिथं ठेवलं. जा, तिचं जेवण आण.”

मोठीनं वाटी आणली. सवयीनं फोन पेल्याला टेकवून उभा केला, गाणं लावलं. ही युक्ती तिचीच होती. पाच महिन्यांपूर्वी तिनंच शोधली होती आणि सगळ्यांनी वाहवा केली होती. धाकटीनं आठ घास खाल्ले. घास कोण भरवतंय हे तिनं एकदाही पाहिलं नाही. त्या रात्री मोठीला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिली. “आई, चल. आत्ता काही विचारू नकोस.”

तिकडे भोंगानं पाळणाघराची बेल वाजवली. “बाई, माझ्या आत्येभावाला ठेवायचंय. तो चावतो. चालेल का?” तिचा आवाज बोळापर्यंत येत होता. “रोज नाही चावत, एक दिवसाआड.”

आई विटांवर चढली. खिडकीतून बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं हाक मारली, घरात झोपवताना मारते तशी. चार वेळा मारली.

“कान गेले का गं हिचे?” तिनं मागे न वळताच विचारलं.

“कान चांगले आहेत, मावशी,” चष्मिश खाली बघत म्हणाला. “गाणं पुन्हा सुरू झालं की डोलते ती.”

आई विटांवरून उतरली आणि तशीच पुढच्या दारानं आत गेली. बाई आधी चिडल्या, मग खुर्चीत बसल्या. “मदतनीस सोडून गेली, त्याला सहा महिने झाले. अकरा मुलं आणि मी एकटी. रडकी मुलं पाहिली की तुम्ही लोक दुसरीकडे जाता. मी काय करायचं?”

आईनं धाकटीला उचललं. धाकटीनं आईच्या खांद्यावरून मान वळवली, टीव्हीकडे.

बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी कान तपासले, खेळणी पुढे ठेवली, बराच वेळ नुसतं पाहिलं. “सगळा दोष पडद्याचा, असं मी इतक्यात म्हणणार नाही. आणखी तपासण्या करू. पण मूल बोलायला शिकतं ते माणसाकडून. ते ‘ऊं’ करतं, आपण ‘काय गं’ म्हणतो, ते पुन्हा ‘ऊं’ करतं. टीव्ही कधी ‘काय गं’ म्हणत नाही.”

“शब्द परत येतील ना?” मोठीनं विचारलं.

“येतील असं वाटतं. किती दिवसांत, ते सांगता येत नाही. गेलेले महिने मात्र गेले, बाळा.”

रविवारी सगळे पालक पाळणाघरात जमले. टीव्ही खाली उतरवला, आणि रोज एका घरातून कुणीतरी मदतीला यायचं ठरलं. कुणाच्या तरी आजोबांनी तिघांना पुढे बोलावलं. “तुम्ही पाहिलंत म्हणून कळलं. आम्ही रोज फोटो बघत होतो आणि मुलांकडे बघतच नव्हतो. शाबास.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भोंगानं मान ताठ केली. मोठीला मात्र ती शाबासकी कुठे ठेवावी ते कळेना. पेल्याला टेकवलेला फोन तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. ती आईजवळ गेली आणि म्हणाली, “जेवताना फोनची सवय मी लावली.”

“लावलीस तू, चालू ठेवली मी,” आई म्हणाली. तिनं मोठीचा हात हातात घेतला.

मग कठीण दिवस आले. फोन नाही म्हटल्यावर धाकटी जमिनीवर डोकं आपटायची. एकदा ती मोठीच्या मनगटाला कडकडून चावली. मोठी तिच्यासमोर बसून राहायची आणि बोलत राहायची, भिंतीशी बोलावं तशी.

नवव्या दिवशी धाकटीनं वाटी ढकलून दिली. मोठीनं उचलून तिच्यापुढे ठेवली. धाकटीनं पुन्हा ढकलली, मोठीनं पुन्हा ठेवली. असं किती वेळा झालं कोण जाणे. मग एकदा वाटी ढकलायला हात पुढे केलेला असताना धाकटी थांबली आणि तिनं मान वर केली. मोठीच्या तोंडाकडे, डोळ्यांकडे बघत राहिली, आता ही काय करते, अशी.

बोलली नाही. मोठीनं फक्त ‘हं, ढकल’ अशी मान हलवली, आणि धाकटीनं वाटी ढकलली.