तळ्याकाठी बसलेली जुलेखा

पूर्णगडच्या वरच्या मोहल्ल्यात फरीदाचं घर आहे. त्या एप्रिलमध्ये तिच्या पडवीत रोज मोझांबिकचा नकाशा पसरलेला असायचा, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांवर हिरवे आंबे ठेवलेले असायचे.

कुवेतला नर्स असलेली तिची लेक महरीन रजेवर आली होती. मायलेकींचा सफारीचा बेत चालला होता.

"ऑगस्ट बरा, अम्मी. तिकडच्या पावसाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, निम्मं रान पाण्याखाली असतं. ऑगस्टपर्यंत पाणी ओसरतं, मग सगळी जनावरं तळ्याकाठी येतात."

"ठाऊक आहे मला," फरीदा म्हणाली.

तिला सगळंच ठाऊक होतं. पिवळट खोडांची झाडं, डोक्याएवढं वाढलेलं गवत, तळ्यात नाकपुड्या तेवढ्या वर काढून पडलेले पाणघोडे. गोरोंगोसाचं ते रान तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण तीसेक वर्षं ऐकलं होतं. तिचा नवरा गुलाम रसूल मोझांबिकच्या बैरा बंदरात वाढलेला. त्याच्या बापाचं तिथं शिंप्याचं दुकान होतं. तो देश स्वतंत्र झाला त्या धामधुमीत सगळं कुटुंब पूर्णगडला परतलं, पण गुलाम रसूलचा जीव तिकडंच राहिला. संध्याकाळी चुलीवर बांगड्याचं तिखलं रटरटत असलं की तो पाटावर बसून सांगायला लागायचा. बोलताना मध्येच एखादा पोर्तुगीज शब्द यायचा आणि तो स्वतःशीच हसायचा. फरीदाला ते हसणं फार आवडायचं.

एकच गोष्ट तो हसून सांगत नसे. त्याची धाकटी बहीण जुलेखा तिथं हरवली होती. सगळे गोरोंगोसाला सहलीला गेले होते. तळ्याकाठी तिला बसवून तो गाडीतून पाणी आणायला गेला. "हितंच बस, मी आयलोच," एवढं सांगून गेला. परत आला तेव्हा जागा रिकामी होती. माणसांनी गवत पिंजून काढलं, तळं धुंडाळलं. साधी रिबीनसुद्धा मिळाली नाही.

"एकदा जायचंय," तो म्हणायचा. "नुसतं त्या जागी उभं राहायचंय." ते राहूनच गेलं. दोन वर्षांपूर्वी तो गेला, आणि आता त्याच्या जागी फरीदा जाणार होती.

त्या दिवशी असरची नमाज झाल्यावर महरीननं तिकडच्या वाटाड्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याचं नाव टोमास. बोलका, हसरा माणूस. तो जीप घेऊन तळ्यापाशीच उभा होता. आपल्याकडं उन्हं कलली होती, तिकडं अजून दुपारच होती. महरीन त्याच्याशी इंग्रजीत तंबूचं, मलेरियाच्या गोळ्यांचं, होडीचं विचारत होती. मग तो म्हणाला, "आईंना तळं दाखवतो," आणि त्यानं फोन फिरवला.

फरीदा पुढं सरकली. गवत, पाणी, पाण्याकाठी बगळे. अगदी गुलाम रसूल सांगायचा तसं. तिचे डोळे भरून आले. पदरानं पुसून तिनं पुन्हा पाहिलं, तर गवताच्या कडेला एक पोर उकिडवी बसली होती. फिकट फ्रॉक, दोन वेण्या. तोंड पाण्याकडं.

"ती कुणाची पोर गो?" फरीदानं विचारलं.

"कुठली पोर?"

"ती काय... पाण्याकडं बसलीय."

महरीननं पडदा जवळ घेतला. "कोणी नाहीये, अम्मी." तिनं टोमासला विचारलं. तो म्हणाला, "इथं मुलांना आणतच नाही आम्ही. मगरी आहेत."

बोलता बोलता त्याचा आवाज तुटायला लागला. चित्र थबकलं. बगळे थांबले, गवत थांबलं, पाणीसुद्धा थांबलं. फक्त ती पोर हळूहळू मान वळवत होती. पडवीत ओल्या चिखलाचा आणि कुजल्या गवताचा वास पसरला. आणि फोनमधून, जवळ बसून बोलावं इतक्या स्वच्छ आवाजात, मोहल्ल्यातल्या पोरी बोलतात तशा बोलीत, तिनं विचारलं,

"भाय नाय आयलो?"

महरीन फोनची बटणं दाबत होती. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

भीतीच्याही आधी फरीदाचं काळीज हललं. सांगितल्याप्रमाणं ही अजून तिथंच बसली आहे. भाऊ म्हातारा होऊन मेला, आणि हिला कुणी कळवलंसुद्धा नाही.

"तो... तो नाय यायचा, बाय," ती कुजबुजली. "मी तुझी भाबी. तू आता तिथं बसू नको... घरी ये."

पोर उठून उभी राहिली. कॉल तुटला.

"कुणाशी बोलत होतीस?" महरीननं विचारलं. फरीदा नकाशावरचे आंबे गोळा करू लागली. त्या रात्री मात्र तिला कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मगरिबच्या, दिवेलागणीच्या सुमारास टोमासचाच फोन आला. महरीन ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, तुम्हाला सांगितलं नव्हतं... तळ्याकाठी संध्याकाळी एका मुलीचं रडणं ऐकू यायचं. जुनी माणसं सांगतात, पूर्वीपासून आहे. काल प्रथमच आलं नाही. सकाळी तिथं चिखलात लहान पावलं उमटलेली होती. पूर्वेकडं, समुद्राच्या दिशेनं गेलेली."

फरीदानं डोळे मिटले. "या अल्ला... सुटली पोर."

"अम्मी, ऐक ना." महरीनचा आवाज अगदी खाली आला होता. "तो म्हणतो, त्या पावलांच्या मागोमाग आणखी एक माग आहे. मोठा. काहीतरी फरफटत गेल्यासारखा. ते कसलं जनावर आहे, हे तिथं कुणालाच ओळखता येत नाहीये. आणि तो मागसुद्धा... पूर्वेकडंच गेलाय."

अजान संपली होती. बाहेर अंगणात अजून थोडा उजेड होता. फरीदा दार लावायला उठली आणि कडीला हात घालून थांबली.

दारावर थाप पडली. हलकी थाप, दाराच्या अगदी खालच्या फळीवर.

"भाबी..."

आणि त्या आवाजाच्या पाठीमागं, अंगणाच्या दगडी गडग्याजवळ, कुणीतरी जड, ओला श्वास सोडला.