दोनदा तपासलेलं पाणी

रविवारी सकाळी साडेआठ म्हणजे साडेआठ. दिशा आपल्या पाईपावर हजर! पाईप म्हणजे जमिनीतून गुडघाभर वर आलेली, झाकणाला कुलूप लावलेली, वीतभर रुंदीची खोल विहीर. श्रीरामपूरच्या बाजूला त्यांची वस्ती. पलीकडच्या माळावर एक बंद पडलेला साखर कारखाना होता. त्याच्या तळ्यातली मळी जमिनीत मुरत गेली आणि एकेका विहिरीचं पाणी चहासारखं झालं. ती घाण कुठवर सरकली हे बघायला सरकारच्या भूजल खात्यातल्या दमयंती मॅडमनी असे सहा पाईप बसवले होते. दिशाच्या घरच्या बोअरचं पाणी तेवढं अजून गोडं होतं. सगळी वस्ती तिथूनच हंडे भरायची.

काम सोपं होतं. मोजायची टेप आत सोडायची, ती पाण्याला टेकली की 'टीं' वाजायचं, मग पाणी किती मीटर खोल आहे तो आकडा वाचायचा. दिशा मात्र टेप थोडी वर उचलून पुन्हा सोडायची. दुसऱ्यांदा तोच आकडा आला तरच लिहायची आणि पुढे दोन बरोबरच्या खुणा करायची. दोनदा तपासलं, दोन खुणा. एकदा मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काम शिकावं तर दिशाकडून." ते वाक्य तिने दोन वर्षं शाळेत, लग्नात, बारशात, सगळीकडे मिरवलं.

मग उसाच्या ट्रॉलीने पाईपाला धडक दिली. पाईप तडकला. मॅडमनी तो सिमेंटने तोंडापर्यंत बुजवला आणि दहा पावलांवर नवा घेतला. पण ती दहा पावलं बांधापलीकडे पडली, काकांच्या रानात. ज्यांचं रान, त्यांच्याच घरातल्याने टेप सोडायची असा नियम. म्हणजे टेप गेली चुलत बहिणीकडे. सृष्टीकडे! जी अजून बोट ठेवून आकडे वाचते.

"दिशे, मला शिकीव ना गं. मला लई भ्या वाटतंय."

"तुला काय शिकवायचं बाई? तू तर आता मॅडमची लाडकी," दिशा गोड हसली. आतून नुसती जळत होती.

पहिल्या रविवारी सृष्टी ओरडली, "अठरा पॉइंट बासष्ट!"

आकडा ओळखीचा वाटला. घरी येऊन दिशाने आपली जुनी कच्ची वही काढली. दोन वर्षांपूर्वीची, तिच्या पाईपाची पहिली ओळ: १८.६२.

असेल, जमीन तीच आहे.

दुसऱ्या रविवारी १८.७०. वहीत दुसरी ओळ १८.७०. तिसरी तशीच. चौथी तशीच. सातव्या रविवारपर्यंत एक आकडा इकडचा तिकडे झाला नाही. दिशा कुणाला काही बोलली नाही. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटत होतं. सृष्टीचा पाईपसुद्धा तिचीच नक्कल करत होता.

आठव्या ओळीत मात्र गडबड होती. त्या रविवारी शाळेच्या स्नेहसंमेलनाची तालीम होती. दिशा पाईपावर गेलीच नव्हती. घरी बसून, सात हा आकडा आवडतो म्हणून, तिने १७.७७ लिहून टाकलं होतं. खुणा केल्या नव्हत्या. तेवढी तरी लाज ठेवली होती.

आठव्या रविवारी ती मुद्दाम सृष्टीच्या शेजारी उभी राहिली.

टीं.

"सतरा पॉइंट सत्त्याहत्तर," सृष्टीने बोट ठेवून वाचलं.

दिशा पळत घरी आली. वही उघडली. १७.७७ च्या पुढे दोन बरोबरच्या खुणा होत्या.

ती घाबरली. वही माळ्यावर टाकूनच दिली असती. पण संध्याकाळी मॅडमची गाडी आली. त्यांनी नवं रजिस्टर चाळलं, सृष्टीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "काम शिकावं तर सृष्टीकडून."

तेच वाक्य. तिचं वाक्य!

घरी येऊन दिशाने नवव्या ओळीतला खरा आकडा खोडला. शेजारी लिहिलं, 'कोरडा'.

नवव्या रविवारी टेप तळाला लागली. आवाज आला नाही. मॅडमना फोन गेला. त्यांनी येऊन टेप बादलीत बुडवली, 'टीं' वाजलं. पाईपात सोडली, काही नाही. पाणी काढायची नळी आत सोडली, ती वर आली तेव्हा तिच्यात कोरडी माती होती.

"हा पाईप फसला," मॅडम म्हणाल्या. "दिशा, आता नवा तुमच्याच रानात घेऊ. तूच बघ."

सृष्टीने टेप पुसून तिच्या हातात दिली. "दिशे, माझं काय चुकलं गं?"

दिशाने टेप घेतली.

घरी आली तर मागच्या दारी बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. थोड्या वेळाने सृष्टीही रिकामी कळशी घेऊन मागे येऊन उभी राहिली. आईने मोटर चालू केली. घरघर ऐकू आली. पाण्याचा आवाज आला नाही.

"दिशे, मोटर चालू हाय, मग पानी का न्हाई येत गं?" सृष्टीने विचारलं.

दिशाने आत जाऊन वही उघडली.

दहाव्या ओळीतला आकडाही खोडलेला होता. तिने खोडला नव्हता. शेजारी तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: घरचा बोअर, कोरडा.

पुढे बरोबरची खूण होती. एकच. म्हणजे अजून एकदाच तपासलेलं.

"आई, थांब!" ती दाराकडे धावली.

बाहेर आईने मोटर बंद केली होती. आणि दुसऱ्यांदा बटण दाबलं.