डाव्या पायाचा बिबट्या

"बिबट्या लंगडी घालत आला होता का गं?" ढब्बूने विचारलं.

खारू गुडघे टेकून ओल्या मातीतल्या ठशात प्लास्टर ओतत होती. ढब्बू तिचा धाकटा भाऊ, आणि धाकट्या भावांच्या सगळ्या प्रश्नांना उत्तरं देत बसलं तर माणसाची सुट्टी त्यातच संपते. पण मावसभाऊ खाली वाकला. त्याला घरात सगळे वकील म्हणत, कारण तो 'जेवायला चल' यावरही दोन बाजू मांडत असे.

"मुद्दा बिनतोड आहे," वकील म्हणाला. "दोन दिवसांत अकरा ठसे, आणि अकराच्या अकरा पुढच्या डाव्या पायाचे. बाकीचे तीन पाय त्याने घरी ठेवले असावेत."

खारूचा हात थांबला. तिने वहीतली अकरा चित्रं पुन्हा पाहिली. चार बोटं, मधली गादी, गादीच्या वरच्या कडेला बारीक खाच. त्या खाचेपुढे तिने कौतुकाने 'जुनी जखम' असं लिहून ठेवलं होतं.

परदेशातलं हे जंगल दाखवायला तिघांना मामाने आणलं होतं. घरी मामाचं रबरी शिक्क्यांचं दुकान. जन्मभर 'पोचले' आणि 'रद्द' कोरणाऱ्या या माणसाने प्राणीही बघू आणि तिथली माणसंही बघू, असं वचन दिलं होतं, आणि खारूच्या लेखी मामाचं वचन म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. प्राण्यांना मात्र या वचनाची कल्पना नसावी. पहिल्या दोन दिवसांत एक खार तेवढी दिसली, तीही पाठमोरी.

माणसांमध्ये भेटला तो विश्रामगृहाचा वाटाड्या. दोघांनाही अर्धीमुर्धीच येणाऱ्या इंग्रजीत त्याने खारूला वाकलेलं गवत वाचायला शिकवलं, शेण आजचं की कालचं ते ओळखायला शिकवलं, आणि कुठला पंजा डावा, कुठला उजवा तेही. मग तिसऱ्या दिवशी खोलीसमोरच ठसे उमटू लागले. वाटाड्याने ते पाहिले आणि काहीच बोलला नाही. मोठ्या गोष्टीपुढे माणूस गप्प होतो, असं खारूला वाटलं.

आता तिला वेगळंच वाटू लागलं. नाश्त्याच्या टेबलावर, सगळ्या पाहुण्यांसमोर, तिने ते बोलून टाकलं. ठसे खोटे आहेत.

पाहुणे हसले. मॅनेजरबाई हसल्या नाहीत. त्यांनी वाटाड्याला बोलावून घेतलं. पहाटे त्या वाटेने तो एकटाच जातो, आणि ठसे पाहूनही त्याने कळवलं नाही, मग आणखी पुरावा कशाला? मी केले नाहीत, एवढंच तो म्हणाला. बाईंनी त्याला दुपारच्या ट्रकने घरी जायला सांगितलं, कायमचं. खारू ताटात बघत राहिली. तीन दिवस ज्याच्या पावलावर पाऊल टाकून चाललो, त्यानेच आपल्याला फसवलं! शेजारी मामा आमलेट खात होता. त्याने आणखी एक मागवलं.

दुपारी वाटाड्या सामान बांधताना तिला दिसला. ती तोंड फिरवून निघाली, तेवढ्यात तो शांतपणे म्हणाला, "मी केले असते ना मुली, तर चारही पायांचे केले असते."

खारू खोलीत गेली आणि प्लास्टरचे सगळे पंजे तिने फरशीवर मांडले. बोलणं खरं होतं. ज्याचे बाप-आजे जंगलात चालत आले, तो एकच पाय कसा करील? हे काम प्राणी न कळणाऱ्याचं होतं. पण हात मात्र कसबी होता. प्रत्येक ठशाचा दाब सारखा, कडा धारदार. आणि ती खाच, दर वेळी त्याच जागी.

ती खाच तिच्या ओळखीची होती. शिक्क्याची वरची बाजू गिऱ्हाइकाला कळावी म्हणून एक माणूस प्रत्येक शिक्क्याला तशीच खाच पाडतो. त्याच्या दुकानात तिच्या कितीतरी सुट्ट्या गेल्या होत्या.

"मामा तीन दिवस न्हाणीघरातसुद्धा बूट घालून जातोय," ढब्बू हळूच म्हणाला.

मामाच्या खाटेखाली एक रबरी चप्पल निघाली. तिच्या टाचेचा तुकडा गायब होता. तो तुकडा मोज्यात सापडला, व्यवस्थित कोरलेला, लाकडी मूठ बसवलेला. मामा बूट काढून दारात उभा होता.

"तुम्ही दोन दिवस तोंडं पाडून बसला होता," तो म्हणाला. "म्हटलं, जरा गंमत."

"आणि सकाळी? त्याला काढलं तेव्हा?"

मामाने चादर सारखी केली. ती आधीच सारखी होती. "चारचौघांत कसं सांगायचं गं? परवा आपण जाणारच. त्याला काय, दुसरीकडे मिळेल काम."

सकाळचं दुसरं आमलेट खारूला आता कळलं. मामाने हात पुढे केला, पण शिक्का मोज्यात नव्हता. तो ढब्बूच्या हातात होता आणि ढब्बू अंगणात होता. त्याच्यामागे मामा धावला, नुसत्या मोज्यांवर.

तोवर वकिलाने जेवणाची घंटा बडवून सगळे पाहुणे गोळा केले होते. ट्रक सुरू झाला होता. मॅनेजरबाईंच्या पायाशी ओल्या मातीत ढब्बूने ठॅप, ठॅप, ठॅप असे तीन बिबटे उमटवले.

"कोणाचं आहे हे?" बाईंनी विचारलं.

"मामाचं. घरी दुकान आहे याचं," ढब्बू म्हणाला.

मामाला बोलावंच लागलं. ऐकून घेतल्यावर बाईंनी ट्रक थांबवला आणि सकाळी जितक्या लोकांसमोर दोष दिला होता, तितक्याच लोकांसमोर वाटाड्याची माफी मागितली. मुलांची नजर माझ्यापेक्षा तयार आहे, असंही म्हणाल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. गप्प का राहिलात, असं खारूने वाटाड्याला विचारलं. घरचा कोणी मुलांशी खेळतोय, हे त्याने पहिल्याच ठशाला ओळखलं होतं. खेळ मोडावा असं त्याला वाटलं नाही. तो खेळणारा सकाळी स्वतःच बोलेल, असंही त्याला वाटलं होतं.

"मी तुम्हाला खोटं समजले," ती म्हणाली.

"ठशावरून माणूस ओळखलास तू," तो म्हणाला. "मला अजून जनावरंच ओळखता येतात."

उन्हं उतरल्यावर तो तिघांना जंगलात घेऊन निघाला. फाटकाशी मामा उभा होता. मी येऊ का, असं त्याने विचारलं ते वाटाड्याला, पण पाहिलं खारूकडे. वाटाड्याने त्याला रांगेत शेवटी उभं केलं आणि नियम सांगितला: आत शिरल्यावर कोणी बोलायचं नाही.

थोडं चालल्यावर मागून मामाचा दबका आवाज आला, "शाब्बास, खारू."

तिने ऐकलं. ती वळली नाही. जंगलात बोलायचं नसतं, हे कारण तिला बरं सापडलं होतं.