सगुणाबाईंचं अक्षर

रविवारी भरदुपारी रत्नागिरीच्या त्या संग्रहालयात एका तरुणाखेरीज चिटपाखरूही नव्हतं. योगिनी डबा उघडणार, तोच काचेच्या पेटीपाशी उभा असलेला तो तरुण म्हणाला, "मॅडम, हे चुकलंय."

प्रदर्शन योगिनीने मांडलेलं, तिचं पहिलंच. कादंबरीकार आत्मारामांचं पहिलं चरित्र रामजी मास्तरांनी लिहिलं, त्याचं हस्तलिखित पेटीत होतं. खाली ‘मास्तरांच्या हस्ताक्षरात’ अशी पाटी. तरुणाचं म्हणणं, मास्तरांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. छापखान्यासाठी ही सुवाच्य प्रत शेजारच्या सगुणाबाईंनी केली. सगुणाबाई म्हणजे त्याची आजी.

योगिनीने पुरावा मागितला, जरा तोऱ्यातच.

गौरव त्याचं नाव. जयगडच्या बंदरात नोकरी, सुट्टी फक्त रविवारची. पुढच्या रविवारी तो आजीने बोटीवरच्या आजोबांना लिहिलेलं पत्र घेऊन आला. दोघं शेजारी वाकून अक्षर ताडून पाहू लागली. ‘लावणी उरकली. तुमच्यावाचून घर खायला उठतं...’ योगिनी वाचता वाचता थांबली. वर पाहिलं तर तो पत्राकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

अक्षराचं तिला तिथेच पटलं होतं. तरी ती म्हणाली, अजून एक पत्र बघायला हवं. लबाडीच ती! तिसऱ्या रविवारी दुसरं पत्र आलं, सोबत आजीने दिलेली फणसपोळी.

चौथा रविवार प्रदर्शनाचा शेवटचा. ‘हस्ताक्षर – सगुणाबाई’ अशी नवी पाटी लागली. गौरवने फोटो काढून घरी पाठवला. आता याला इथे यायला कारणच उरणार नाही, या विचाराने योगिनी पेटीची काच उगाचच पुन्हा पुसू लागली.

"एक शेवटचं तपासायचं होतं..." म्हणत त्याने घडी केलेला कागद पुढे केला.

अक्षर आजीचं नव्हतं. गचाळ, डावीकडे कललेलं, दोन ठिकाणी खाडाखोड. ‘तुम्ही मला आवडता. समोर बोलता येत नाही म्हणून लिहिलं.’

"हे कुणाचं?" कळूनही तिने विचारलं.

"माझंच. आजी म्हणाली, मोबाईलवर पाठवू नको, लिहून दे."

योगिनीने पेन उचललं, कागदाच्या पाठीवर काहीतरी लिहिलं आणि घडी त्याच्या हातात ठेवली. गाडीत बसल्यावर वाचा, असं बजावलं. त्याने ऐकलं थोडंच – तिथेच उघडली.

‘मलाही तुम्ही आवडता. पुढच्या रविवारी मी जयगडला येते. आजींना सांगून ठेवा.’

गौरवने ते तीनदा वाचलं, आणि त्याची चारची एसटी सुटली.