मागचा डावा

नाचता येईना अंगण वाकडं, असा टोमणा मारणाऱ्यांना माझं आमंत्रण आहे. या एकदा प्लॉवदिवला, आमच्या घरी. आमचं अंगण खरोखरच वाकडं आहे. दोन रस्ते फुटतात त्या बेचक्यात आमची इमारत उभी आहे, आणि बांधणाऱ्याने जमिनीचा जसा तुकडा मिळाला तशा भिंती वळवल्या. बैठकीच्या खोलीला पाच कोपरे आहेत, आणि त्यातला एकही काटकोनात नाही. एकीकडे खिडकी पोट काढून रस्त्यावर गेली आहे, दुसरीकडे भिंत आत शिरली आहे, आणि मागे डावीकडे खोली निमुळती होत होत असा एक कोपरा झाला आहे की तिथे धड कपाट बसत नाही, धड खुर्ची.

या खोलीत मला पाच स्पीकर बसवायचे होते. मधल्या खुर्चीत बसलेल्याला चहूबाजूंनी सारखा आवाज आला पाहिजे. सोबतच्या पुस्तिकेतल्या चित्रात खोली अर्थातच चौकोनी होती. ते चित्र काढणारा एकदा मला भेटायला हवा.

हे मी हौसेने करत नव्हतो. माझे वडील ल्युबेन यांची दृष्टी गेल्या हिवाळ्यात गेली. फुटबॉल म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आता ते दिवसभर बंद टीव्हीकडे तोंड करून बसायचे. वार्नाहून माझ्या बहिणीने, स्नेझाने, फोनवर बजावलं होतं, "यावोर, ते तिथे कुजतायत. रविवारी येतेय मी त्यांना न्यायला." बाबांना हे घर सोडायचं नव्हतं. मलाही त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. त्यांच्यासाठीच तर मी चौदा वर्षांचं जर्मनीतलं बस्तान गुंडाळून परत आलो होतो. रविवारी दुपारी शहरातल्या दोन संघांचा सामना होता. बाबांनी तो कानांनी पाहिला, चेंडू कुठून कुठे गेला ते बोटाने दाखवलं, की स्नेझाची बोलती बंद. असा माझा साधा बेत होता.

पहिलं घोडं अडलं ते मानेवर. आमच्या देशात मान आडवी हलवली की हो, आणि उभी हलवली की नाही. बाहेरच्या जगात याच्या उलट चालतं हे मला श्टुटगार्टला गेल्यावर कळलं, आणि कळलं ते मानेत मुरलं. मी टीव्हीमागून ओरडलो, "येतोय का आवाज?" बाबांनी मान आडवी हलवली. मी शिव्या हासडत सगळ्या तारा सोडल्या आणि पुन्हा जोडल्या. पुन्हा विचारलं. पुन्हा आडवी.

"अहो बाबा, मग बिघडलंय काय नेमकं?"

"काही नाही बिघडलेलं! मघापासून हो म्हणतोय तुला."

"मग तोंडाने सांगा ना!"

बाबा खो खो हसले. "जर्मनांनी तुझी मान उलटी बसवून पाठवलीय. बरं बाबा, आजपासून जर्मन मान हलवतो. आडवी म्हणजे नाही. झालं समाधान?"

समाधान कसलं! कधी त्यांच्या लक्षात राहायचं, कधी नाही. माझ्या डोक्याला ताप वाढलाच.

मग मोजणी आली. खुर्चीत, बाबांच्या कानांच्या उंचीवर एक छोटा माइक ठेवायचा. यंत्र एकेका स्पीकरमधून 'हूऽऽप' असा आवाज काढतं आणि तो स्पीकर किती लांब आहे ते सांगतं. चार स्पीकरांचं बरोबर आलं. मागचा डावा मात्र यंत्राच्या मते भिंतीपलीकडे, जिन्यात होता, आणि आवाज क्षीण. मी तार बदलली. तेच. उजवा स्पीकर डावीकडे नेला, डावा उजवीकडे. आता डावीकडे आलेला उजवा जिन्यात गेला. म्हणजे स्पीकर निर्दोष होते, जागाच खोडसाळ होती. मी स्पीकरला कान लावून पाहिला. आवाज खणखणीत होता.

"त्या कोपऱ्यात कोट टांगायचा खांब ठेवलास का रे?" बाबांनी विचारलं.

"नाही. का?"

"तिथला आवाज सरळ येत नाही. कशाला तरी वळसा घालून येतो."

मी पाहिलं. स्पीकर आणि खुर्ची यांच्यामध्ये लाकडी जमीन होती आणि तिच्यावर उन्हाचा पट्टा. दुसरं काहीच नव्हतं.

"खोली वाकडी आहे बाबा."

"या वाकड्या खोलीत मी जन्मलोय. खोलीचा आवाज मला ठाऊक आहे. हे लोकरीसारखं आहे. जाड हिवाळी कोट घालून कोणी उभं राहिलं, तर कसा आवाज गिळतं, तसं."

"जूनमध्ये कोट?"

"माझा नव्हे. माझा स्नेझाने ईस्टरलाच ट्रंकेत घातला, डांबराच्या गोळ्या टाकून."

तेवढ्यात शेजारच्या पेंकामावशी चीज भरलेल्या बनित्सा पेस्ट्रीचं गरम ताट घेऊन आल्या. दार उघडंच असतं आमचं. मी टीव्हीच्या मागे पालथा पडलेलो, त्यांना दिसलो नाही. त्यांचा आवाज आला, "काय ते हूप हूप चाललंय, माझी मांजर पलंगाखालून बाहेर येईना. आणि तू उभा काय राहिलास खांबासारखा? ताट धर की, हात भाजतोय!"

"आलो मावशी," म्हणत मी टीव्हीमागून रांगत बाहेर निघालो.

मावशींनी ताट मागच्या कोपऱ्याकडे पुढे केलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्याकडे पाहिलं. ताट हळूच टेबलावर ठेवलं आणि हात एप्रनला पुसले.

"मोतीबिंदू झालाय बहुतेक मला," त्या म्हणाल्या.

एरवी कॉफी घेतल्याशिवाय न हलणारी ही बाई दाराकडे निघाली. सरळ वाट सोडून टेबलाला पूर्ण वळसा घालून गेली.

मी चिडलोच होतो, आता इरेला पेटलो. मागचा डावा स्पीकर कोपऱ्यातून उचलला आणि खिडकीच्या पोटात ठेवला, चांगला दोन हात पुढे. मोजणी लावली. हूऽऽप.

यंत्र म्हणालं, जिन्यात.

"तोही सरकला," बाबा म्हणाले.

"कोण सरकला बाबा? कोणी नाहीये इथे!"

"ओरडू नकोस. तुला दिसत नाही, मला तर काहीच दिसत नाही. मग भांडायचं कशाला?"

मी पुस्तकांच्या फळीवर स्पीकर चढवला. जमिनीवर ठेवला. गादी लावली, गादी काढली. दर वेळी मधलं ते काहीतरी स्पीकरच्या पुढे येत होतं, आणि स्पीकर जितका खुर्चीजवळ आणावा तितकं तेही जवळ येत होतं. शेवटी मी स्पीकर चालू ठेवला आणि बाबांकडून त्याच्या दिशेने पावलं टाकत गेलो.

अर्ध्या वाटेवर आवाज गेला.

बंद झाला असं नाही. गोधडीत डोकं घातल्यासारखा दबला. रस्त्यावरची स्कूटर, खालच्या बाकावरच्या बायकांच्या गप्पा, सगळंच दबलं. माझा श्वास मला मोठ्याने ऐकू येत होता. त्यात डांबराच्या गोळ्यांचा वास होता.

आणखी एक श्वास होता. माझ्याहून सावकाश.

मी मागे आलो. आवाज परतला. मला संताप आला. मी प्लग उपटला. पाचही स्पीकर गप्प झाले.

"हात टेकले बाबा मी," मी म्हणालो. "नेऊ दे स्नेझाला. तिची खोली तरी चौकोनी असेल."

मी कॉफी करायला स्वयंपाकघरात गेलो. तिथून दारातून त्यांची खुर्ची दिसते.

कॉफी वर येत होती तेव्हा मी सहज पाहिलं. बाबांनी तोंड डावीकडे वळवलं होतं, किंचित वर. आपण बसलेलो असताना समोर उभा असलेला माणूस बोलतो, तेव्हा वळवतो तसं. ते ऐकत होते. मध्येच त्यांनी भुवया उंचावल्या.

मग त्यांनी मान आडवी हलवली. सावकाश, दोनदा.

कॉफी उतू गेली. मी धावत खोलीत आलो.

"कोणाशी बोलत होता?"

"मी कुठे बोललो? तो विचारत होता."

"काय?"

"येतोस का म्हणाला." बाबांनी गुडघ्यावरची चादर सारखी केली. "सभ्य वाटला. घाई नाही म्हणाला."

"आणि तुम्ही काय सांगितलंत? बाबा, तोंडाने सांगा."

"घाबरतोस काय असा? नाही म्हटलं. उद्या सामना आहे, लेक येतेय. मी कशाला जाऊ कुणाबरोबर?" ते हसले. "आणि बघ, या खेपेस लक्षात ठेवलं मी. तू म्हणतोस तशी हलवली, जर्मन. आडवी."

"मग?"

"मग काय, समजलं त्याला. बरं म्हणाला आणि निघाला."

मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांच्या टकलाचा मुका घेतला. प्लग लावला, माइक ठेवला. पाचही स्पीकर एकामागून एक हूप म्हणाले आणि पाचही जिथल्या तिथे निघाले. मागचा डावा कोपऱ्यात, बोटभराचाही फरक नाही. मी जुन्या एका सामन्याचं चित्रण लावलं. वाकड्या खोलीत अख्खं मैदान उभं राहिलं.

"झकास!" बाबा ओरडले. त्यांचं बोट चेंडूमागे हवेत धावत होतं. "कोपरा मोकळा झाला रे! कर स्नेझाला फोन, कर!"

फोन बाहेर बोळात, दाराजवळ असतो. मी शीळ घालत तिथे गेलो.

दाराशेजारच्या खुंटीवर बाबांचा हिवाळी कोट टांगला होता. झटकलेला, बटणं उघडी, घालायला सोपा पडावा तसा. बोळाच्या टोकाला ती ट्रंक होती. तिच्यावर मी सकाळी स्पीकरची रिकामी खोकी छतापर्यंत रचली होती. ती जशीच्या तशी होती.

जर्मनीला मी गेलो होतो. बाबांना विचारणारा तो मात्र इथलाच होता.

कोटाखाली बाबांचे बूट ठेवले होते. पुसलेले, नाड्या सैल केलेल्या, तोंडं दाराकडे.