रोजचा पासंग

ध्वनिकक्षाच्या भिंतींना काळा, मऊ फेस लावलेला होता. आत बोललेला शब्द तिथल्या तिथे विरून जाई. पाषाणच्या टेकडीवरच्या त्या प्रयोगशाळेत येफिम सावेलिच सकाळपासून खुर्चीत बसून एकच काम करत होता. ‘मी हे गंभीरपणे म्हणतो आहे’ हे रशियन भाषेत जितक्या तऱ्हांनी म्हणता येतं, तितक्या तऱ्हांनी तो म्हणत होता.

“बेज़ दुराकोफ.”

काचेपलीकडून कालिंदी टिळेकरने विचारलं, “शब्दशः काय होतं?”

“मूर्खांना वगळून.”

“म्हणजे मी बाहेर जायला हवं,” डॉक्टर निंबाळकर म्हणाले. चंद्रावर जाणाऱ्यांच्या प्रकृतीची जबाबदारी त्यांच्याकडे होती, आणि प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना चहा आणून देण्याची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली होती. “इंग्रजीत काय करणार याचं? ‘सीरियसली’ टाका आणि मोकळे व्हा.”

“‘सीरियसली’ आता लोक आइस्क्रीमबद्दलही म्हणतात, डॉक्टर. झिजलेलं नाणं आहे ते. ‘नो किडिंग’ म्हटलं तर निम्मी थट्टा तशीच राहते.” कालिंदीने पडद्यावरची रेघ बोटाने दाखवली. “शब्दकोश शब्दाला शब्द देतो. वजन देत नाही. वजन बोलणाऱ्याच्या अंगात असतं. शब्दाआधी तो श्वास किती अडवतो, स्वरतंतू किती ताणतो, छातीचा ठोका किती चुकवतो. हे सगळं मोजायचं, त्याचा भार काढायचा, आणि मग तेवढ्याच भाराचं इंग्रजी वाक्य निवडायचं.”

या यंत्राचं नाव तिने भावतोल ठेवलं होतं. चंद्राच्या पाठीमागच्या वेधशाळेत येफिम एकटा वर्षभर राहणार होता. प्रकल्पाचा सगळा कारभार इंग्रजीत चाले, आणि येफिमचं इंग्रजी म्हणजे, त्याच्याच शब्दांत, गोठलेल्या नदीवर चालणारी गाय.

“पण तुमचं यंत्र मला रडका करतं,” येफिम म्हणाला. “लडाखच्या सरावतळावर मी म्हटलं, नि ना शूत्कू भूक लागली आहे. विनोदासाठी नव्हे, खरीच लागली आहे. एवढंच. तर कार्यालयाने हेलिकॉप्टरने मानसोपचारतज्ज्ञ पाठवला. आमच्याकडे आवाज जन्मतःच जड असतो, कालिंदी मोहनोव्ना. माझी आई कोबीच्या सूपाबद्दल बोलली तरी शेजाऱ्यांना वाटायचं, घरात कुणीतरी गेलं.”

तिच्या वडिलांचं नाव मोहन, हे कळल्यापासून तो तिला असंच हाक मारी. रशियात मान देताना बापाचं नाव जोडतात.

“मग पासंग काढायला हवा,” कालिंदी म्हणाली.

“ते काय असतं?”

“रिकाम्या तराजूचं एक पारडं खाली जात असेल, तर दुकानदार दुसऱ्या बाजूला एक खडा बांधतो. तो पासंग. तुमचा नेहमीचा जडपणा मोजून वजा करायचा. मागच्या सात दिवसांची सरासरी, ते तुमचं शून्य. त्याहून जड बोललात तर अधिक, हलकं बोललात तर उणे. रोज सकाळी शून्य नव्याने ठरेल, म्हणजे सर्दी झाली, झोप झाली नाही, तरी यंत्र फसणार नाही.”

“ज्याचं त्याचं शून्य,” निंबाळकर म्हणाले. “लोकशाही आली म्हणायची.”

“आणि तुमचं?” येफिमने तिला विचारलं. “माझ्याशी तुम्हीच बोलणार ना?”

“माझाही काढते. न्याय दोघांना सारखा.”

चाचण्या उत्तम झाल्या. दुपारच्या सुट्टीत येफिम चहात साखरांबा घालून प्यायचा. त्यांच्याकडे चहाबरोबर मुरंबा घेण्याची रीत होती, आणि कालिंदीच्या घरच्या साखरांब्याची बरणी त्याने परस्पर ताब्यात घेतली होती. अशा एका चहानंतर पडद्यावर उणे दोन आकडा दिसला तेव्हा ती म्हणाली, “आज हलके झालात.” तो म्हणाला, “आंब्याचा दोष.”

तिने त्याला आपला जुना संग्रह ऐकवला. मुळशीच्या वाड्यावस्त्यांतून गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या. बायका सगळ्यात जड गोष्ट सगळ्यात सहज आवाजात कशी सांगतात, हे मोजता मोजताच तिला भावतोल सुचला होता. त्यातली एक त्याला फार आवडली.

रोज वाहते घागर, मला वाटते हलकी
पाणी तेवढंच बाई, मान झाली माझी मुकी

मुकी म्हणजे बधिर, हा अर्थ कळल्यावर तो बराच वेळ चमच्याने चहा ढवळत राहिला. त्या बदल्यात त्याने तिला रशियन शिकवलं. पण वेळ थोडा होता, आणि दोघांच्या हाताशी कामाचेच शब्द होते. म्हणून ती फक्त गांभीर्याचे शब्द शिकली. नमस्कार, पाणी, भाकरी यांतलं तिला काही येत नव्हतं. येत होतं ते, शूत्की फ् स्तोरनू, विनोद बाजूला. पलोझा रूकू ना सेर्त्से, काळजावर हात ठेवून. आणि निघायच्या दिवशी शिकवलेला शेवटचा, फ्सेर्योज़ इ नादोल्गा.

“मनापासून, आणि लांबवरच्यासाठी,” तो म्हणाला होता. “याला इंग्रजीत काय म्हणाल?”

“‘फॉर गुड’ जवळचं आहे.”

“जवळचं,” तो म्हणाला, आणि तिथेच थांबला.

चंद्राच्या पाठीमागे पृथ्वीचा एकही आवाज पोहोचत नाही, म्हणून तर तिथे वेधशाळा होती. ती शांतता मोडू नये यासाठी नियम कडक होते. आवाज पाठवायचा नाही. रोज एकदा प्रकाशाच्या बारीक झोतावरून मजकूर तेवढा जायचा. येफिम तिथल्या भावतोलापुढे रशियनमध्ये बोले. पुण्यात कालिंदीच्या पडद्यावर इंग्रजी वाक्य उमटे आणि शेजारी भाराचा आकडा. ती इंग्रजीत बोले, त्याला रशियन मजकूर आणि तिचा आकडा मिळे.

त्याची वाक्यं हलकीफुलकी असत. ‘इथल्या धुळीला बंदुकीच्या दारूसारखा वास येतो.’ ‘साखरांबा तळाशी आला, चालायचंच.’ ‘काल तुमची ओवी म्हणून पाहिली, भिंतींना आवडली नाही.’ शेजारी आकडा शून्य, कधी शून्याच्या आसपास. माणूस मजेत आहे, कालिंदी स्वतःला सांगे, आणि आपल्या आवाजातला कंप आवरून माइकपुढे बसे. कारण दिवसागणिक तिच्या आत काहीतरी भरत चाललं होतं. सकाळी घराच्या जिन्यात, भाजी निवडताना, बँकेच्या रांगेत. तिने कधी कुणाची इतकी वाट पाहिली नव्हती, आणि सेहेचाळीस वर्षांच्या बाईने ते बोलून दाखवायची तिच्या घरात पद्धत नव्हती.

वर्ष संपत आलं तेव्हा प्रकल्पाने येफिमपुढे दोन वाटा ठेवल्या. पुण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी, किंवा शनीच्या टायटन या चंद्राकडे निघणाऱ्या यानात जागा. यान चंद्राच्या कक्षेतूनच सुटणार होतं. ते पोहोचायलाच कित्येक वर्षं लागणार होती, आणि परतीचं यान अजून कागदावरसुद्धा नव्हतं. निर्णय आठवड्यात कळवायचा होता.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर त्याचं वाक्य आलं. ‘पुण्यात माझ्यासाठी जागा असली तर चक्कर टाकायला हरकत नाही. तुमचं काय मत?’ आकडा शून्य.

कालिंदीने ते निंबाळकरांना दाखवलं.

“चक्कर टाकायला?” निंबाळकर म्हणाले. “हा काय नातेवाइकांकडे गणपतीला येतोय?”

“त्याला तिकडे जायचं असेल. माझं मन राखायला विचारतोय.”

“मग तुझं मन काय आहे ते सांग की. दीड वर्ष चहा पाजतोय मी, मला काही दिसत नाही का?”

ती माइकपुढे बसली. काळजावर हात ठेवला, खरोखरच ठेवला, आणि आयुष्यात कधी बोलली नव्हती ते बोलली. “येफिम, या. मी थट्टा करत नाही. मी वाट पाहते आहे. कायमचे या.”

उत्तर आलं. ‘आभार. तुमचा सल्ला लक्षात ठेवतो.’ त्यानंतर तीन दिवसांनी प्रकल्पाच्या कार्यालयातून कळलं, त्याने टायटनच्या यादीत सही केली होती.

ती रडली नाही. ती कामाला आली, यंत्राच्या जोडण्या तपासल्या, दुपारी चहा घेतला. “नाही म्हणायची त्याची रीत सभ्य होती,” एवढंच ती निंबाळकरांना म्हणाली.

यान सुटलं. वेधशाळेत नवा माणूस गेला, आणि परतलेल्या अवकाशकुपीतून येफिमच्या वर्षभराच्या मूळ आवाजाचा साठा पुण्यात आला. भावतोलाची पडताळणी करायला तो लागणारच होता. कालिंदीने पहिल्या महिन्यातलं एक वाक्य लावलं. हा त्याचाच आवाज, आईच्या सूपाची आठवण करून देणारा, जड. मग मधल्या महिन्यातलं. मग ते शेवटचं, ज्याचं इंग्रजी तिला पाठ होतं.

ध्वनिकक्षात श्वास ऐकू आला. लांब, अडवलेला. मग तो बोलू लागला, आणि आवाज ओळखू येत नव्हता. विहिरीच्या तळातून घागर ओढताना दोर करकरावा तसा. ती वाक्यं तिला कळत नव्हती. भाकरी कळत नव्हती, पाणी कळत नव्हतं. पण मधूनमधून ओळखीचे शब्द येत होते, त्याने शिकवलेले तेवढेच. बेज़ दुराकोफ. थोड्या वेळाने, पलोझा रूकू ना सेर्त्से. आणि शेवटी, अगदी हळू, फ्सेर्योज़ इ नादोल्गा.

निंबाळकरांनी पासंग बंद केला आणि तोच आवाज पुन्हा तोलातून काढला. आकडा नऊच्या वर गेला. इंग्रजी वाक्य उमटलं. ‘मला तुझ्याजवळ यायचं आहे, उरलेल्या सगळ्या दिवसांसाठी. हो म्हण. नाही म्हणालीस तर मी इतका दूर जाईन की वाट पाहायची सोयच उरणार नाही.’

कालिंदीने ते वाक्य दोनदा वाचलं.

“यंत्र बिघडलं नव्हतं,” शेवटी कालिंदी म्हणाली. “तो रोज थोडा थोडा जड होत गेला. रोज सकाळी यंत्राने तेवढं वजा केलं. उडी असती तर दिसली असती. जिना दिसला नाही. इथे चाचणीला आलेला माणूस आठवड्याभरात असा बदलत नाही, म्हणून आपल्याला कळलं नाही.”

“मान मुकी झाली,” निंबाळकर पुटपुटले. मग ते तिच्याकडे वळले, आणि जे विचारायचं होतं ते विचारणं त्यांना जड गेलं. “तुझाही पासंग काढला होता ना?”

तिने होकारार्थी मान हलवली. तिचं ते वाक्य त्यांनी शोधलं. भार शून्य. येफिमला पोहोचलेला रशियन मजकूर त्यांनी विद्यापीठातल्या रशियनच्या प्राध्यापिकेकडून फोनवर समजून घेतला, आणि जसाच्या तसा सांगितला. “‘या कधीतरी. बरं वाटेल. घाई नाही.’”

कालिंदी हसली. ते हसू निंबाळकरांना पाहवलं नाही.

“मी अधिकृत मार्गाने कळवू शकतो,” ते म्हणाले. “तोल बाजूला ठेवून, माणसाकडून भाषांतर करवून. वैद्यकीय संदेश म्हणून जाईल.”

“यान वळू शकतं?”

“नाही.”

“मग त्या डब्यात तो हे घेऊन काय करील, डॉक्टर? आत्ता त्याला वाटतं, विचारलं आणि नाही म्हणाली. माणूस तेवढ्यावर जगतो. हो म्हणाली होती, हे कळल्यावर तुम्ही त्याला कुठल्या गोळ्या देणार?”

निंबाळकरांनी चहाचे कप उचलले आणि ते रिकामे आहेत की नाहीत हे न बघताच घेऊन गेले.

यानावरही भावतोलच होता. चंद्रावर इतका छान चालला म्हणून बसवलेला. त्यातला पासंग बंद करायची आता सोय नव्हती. येफिमची वाक्यं येत राहिली, उशिरा, पण येत राहिली. ‘गुरू मोठा दिसू लागला.’ ‘इथे मुरंबा मिळतो, पण सफरचंदाचा.’ शेजारी आकडा शून्य.

एके दिवशी कालिंदी त्या आकड्याकडे पाहत राहिली. तिनेच बनवलेलं यंत्र होतं, पण त्याचा अर्थ तिला आज दिसत होता. शून्य म्हणजे काही नाही, असं नव्हे. शून्य म्हणजे कालच्याइतकंच. त्याने तिला मनातून उतरवलं असतं, थोडंसं जरी, तर आकडा उणे आला असता. चहानंतर यायचा तसा.

तेव्हापासून ती रोज सकाळी पडद्यासमोर बसते. वाक्य शेवटी वाचते, आधी आकडा बघते. उणे येईल या भीतीने आकड्यावर आधी बोट ठेवते, मग उचलते. त्याच्या जिवाला आराम पडावा असंही तिला वाटतं, आणि तो पडू नये असंही वाटतं, आणि दोन्हींची तिला लाज वाटते. मग माइक ओढून घेऊन ती त्याला पाऊसपाण्याचं, निंबाळकरांच्या गुडघ्याचं काहीबाही सांगते. पलीकडे कोऱ्या अंधारात त्याच्या पडद्यावर तिचा आकडा उमटत असेल. त्याला तो वाचता येतो का, हे तिला ठाऊक नाही.

आज वाक्य आलं, ‘सगळं ठीक.’

आकडा शून्य होता. घागर अजून डोईवर होती.